हुर्वाच्या नकाशांचं भांडण

वर विचारलंय की १९६७ साली जेरुसलेमचं जुनं शहर इस्रायलच्या ताब्यात आल्यावरही हुर्वा सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनागृह) इतकी वर्षं पडीक का राहिलं, पैसा नव्हता का? माझ्या मते पैशापेक्षा मोठं कारण नकाशांचं भांडण होतं. आधीचं बांधकाम १७२१ साली सावकारांनी कर्जापायी जाळलं, १८६४ साली घुमटाचं सिनेगॉग उभं राहिलं आणि १९४८च्या लढाईत तेही उडवलं गेलं, इथवर चर्चेत आलंच आहे. राहून गेला तो अमेरिकन वास्तुविशारद लुई कान. हो, अहमदाबादचं आयआयएम बांधणाराच! १९६८ साली त्याने सुचवलं की अवशेषांना हात लावू नका, त्यांची स्मृतिबाग करा आणि शेजारी नवं सिनेगॉग बांधा. भोवती १६ अजस्र दगडी खांब, आणि प्रत्येक खांबाच्या पायथ्याशी मेणबत्ती लावायला छोटी पोकळी. कुणाला ते भव्य वाटलं, कुणाला जरा जास्तच भव्य. निर्णय लांबत गेला आणि १९७४ साली कान वारला, तोही अहमदाबादहून परतताना, न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनात.

मग १९७७ साली नुसती एक कमान परत उभारली, घुमट पेलणाऱ्या चारांपैकी एक. ती इतकी वर्षं एकटीच उभी होती की पुष्कळांना तेच स्मारक पुरेसं वाटायला लागलं. २०१० साली खुलं झालेलं सिनेगॉग १८६४च्या इमारतीबरहुकूम आहे. मला स्वतःला कानचा नकाशा जास्त आवडतो, पण तिथल्या लोकांना रोजची प्रार्थना करायची असते, वास्तुकला बघायची नसते.