नदी-खाडी परिषदा: नदीचं भलं की नुसत्याच गप्पा?

काठावरचा:
नदी आणि खाडीच्या आरोग्यावर भरलेल्या लोकपरिषदेला दिवसभर बसून आलो. सकाळी उद्घाटन, मग सादरीकरणं, जेवणानंतर गटचर्चा (अर्धे पेंगत होते, मीही), संध्याकाळी ठराव. ठराव काय, तर ‘सर्व घटकांनी एकत्र यावे’. अहो, एकत्र आलोच होतो की!

माझं म्हणणं सरळ आहे. नदी सुधारते ती सांडपाणी शुद्ध केल्याने. १९५७ मध्ये लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाने टेम्स नदीचा भरतीचा पट्टा जैविकदृष्ट्या मृत ठरवला होता. आज तिथे सील दिसतात. का? तर बेक्टन आणि क्रॉसनेसची सांडपाणी केंद्रं सुधारली म्हणून. परिषदेवर होणारा खर्च एखाद्या नाल्याच्या तोंडाशी करा.

गाळात पाय:
असहमत. केंद्रं बांधायचा निर्णय आकाशातून पडतो का?
युरोपातल्या ऱ्हाइन नदीचं बघा. काठावरच्या देशांनी १९५० मध्ये संयुक्त आयोग नेमला. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, पाणी लाल झालं, ईल मासे ढिगाने मेले. पुढच्याच वर्षी कृती कार्यक्रम ठरला: २००० पर्यंत नदीत सामन मासा परत आला पाहिजे. इतक्या लवकर जमलं, कारण बोलायचं टेबल आधीपासून मांडलेलं होतं.

काठावरचा:
छान, माझाच मुद्दा मांडलात! टेबल मांडून छत्तीस वर्षं झाली होती, तरी हलायला आग लागावी लागली. शिवाय ते सरकारांचं टेबल होतं. आपल्या परिषदेत सरकारी माणूस दीपप्रज्वलनापुरता आला आणि गेला.

मचूळ पाणी:
दोघंही वरून बोलताय, जरा पाण्यात उतरा. आमचा सात-आठ जणांचा गट खाडीत विरघळलेला ऑक्सिजन मोजतो. पद्धत १८८८ ची, विंकलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची. बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची, दोन द्रावणं घालायची, बूच लावून उलटसुलट करायची. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर बाटलीत जवळजवळ काही नाही.

अधिकृत नमुने अकराच्या सुमारास, काठावरून बादली टाकून घेतले जात. त्या वेळी ऊन असतं, शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, आकडे झकास. आम्ही पहाटे होडीतून गेलो. रात्रभर सगळे जीव श्वास घेतात आणि नवीन ऑक्सिजन तयार होत नाही, म्हणून तेव्हा पातळी सर्वांत खाली असते. त्यातही खाडीत गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं; खारं जड, ते तळाशी सरकतं. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) भरतीचा जोर कमी, पाणी ढवळत नाही, तळाला वरची हवा पोचत नाही. वरच्या बाटलीत साका तपकिरी, तळाच्या बाटलीत पांढरा! लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की बहुतेक मासे पळतात, कालवं बिचारी कुठे जाणार?

आता मुद्द्याचं. तळाचा नमुना घ्यायचं आम्हाला सुचलं नव्हतं. ते अशाच एका परिषदेत एका मच्छीमार मावशींनी सांगितलं, तेही चहाच्या रांगेत: ‘वरचं पाणी काय बघता, जाळं खालून काळं येतंय.’

शंकेखोर:
हौशी बाटल्यांना कोर्टात कोण विचारतो? समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात उडवेल.

मचूळ पाणी:
कोर्टासाठी नाहीच ते. सरकारी तपासनिसाला कुठे, किती वाजता आणि किती खोल बघायचं एवढं सांगण्यासाठी आहे. नंतर त्यांनी पहाटे नमुना घेतला, आता तो आकडा त्यांच्या वहीत आहे.

गाळात पाय:
+१. खाडीतल्या लोकांना वरच्या गावांचा नाला कधी दिसत नाही आणि वरच्यांना खाडी. दोघं समोरासमोर येतात ते इथेच.

काठावरचा:
चहाच्या रांगेचं पटलं, बाकीच्या दिवसाचं नाही. त्या मावशी मंचावर का नव्हत्या? यंदा तर एकही मच्छीमार नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं, परिषद ऐन उधाणात ठेवलेली, ते सगळे जाळ्यावर. खाडीवरची परिषद, आणि तारीख ठरवताना भरतीचं कोष्टक कोणी उघडलंच नाही!

मचूळ पाणी:
हे मात्र शंभर टक्के मान्य. पुढची भांगात ठेवायला सांगते. आणि काठावरचे, तुम्ही पहाटे होडीत येणार असाल तर बाटल्या धरायला माणूस हवाच आहे. ठराव होणार नाही, भिजाल मात्र नक्की.