ग्रीनहाउसमध्ये कोणते मँटिस एकत्र नांदतील?

प्रश्न: घोस्ट, व्हायोलिन आणि हायरोड्युला या प्रकारांचे मँटिस (प्रार्थना कीटक) मोकळे सोडायचा विचार आहे. जमेल का?

उत्तर: हायरोड्युला नकोच! समोर हललं ते तिचं भक्ष्य, मग दुसरा मँटिस का असेना. घोस्ट शांत. माझे एकाच फांदीवर वाळक्या पानांसारखे लटकतात. शेजाऱ्याचा पाय लागला तर नुसते डुलतात. मात्र पोटं भरलेली हवीत आणि सगळे साधारण एकाच आकाराचे.

दुसरं उत्तर: व्हायोलिनही शांतच, पण तिला तिशीच्या वरचं तापमान आणि कोरडी हवा लागते, घोस्टला जरा दमट. म्हणून दोन्ही एकत्र ठेवू नका.

प्रश्नकर्ता: मग फक्त घोस्टच. कात टाकायला काय लागेल?

उत्तर: उलटं लटकायला खरबरीत फांद्या, खाली अंगाच्या दुपटीहून जास्त मोकळी जागा. आणि खायला माश्या भरपूर सोडा.