उसन्या आवाजाची फुलवाली: 'माय फेअर लेडी'त ऑड्रीवर अन्याय झाला का?

तिसरी_घंटा
परवा 'माय फेअर लेडी' (१९६४) पुन्हा पाहिला. १७० मिनिटं, मध्ये एकदा चहा. सेट्स, सेसिल बीटनचे कपडे, अ‍ॅस्कॉटच्या रेसचा तो काळा-पांढरा थाट, सगळं अजून डोळे दिपवतं. पण या वेळी एक गोष्ट खटकली ती खटकलीच.

कथा कशाची आहे? कॉव्हेंट गार्डनच्या बाजारात फुलं विकणारी एलायझा, आणि 'हिची भाषा सुधारून हिला बड्या घरची म्हणून खपवीन' अशी पैज मारणारा प्रोफेसर हिगिन्स. 'ह' नीट फुटला की समोरची ज्योत हलते, तो प्रसंग आठवा. सगळा सिनेमा एका बाईच्या तोंडातून काय आवाज निघतो यावर उभा. आणि त्याच सिनेमात एलायझा करणाऱ्या ऑड्री हेपबर्नने तयारी करून रेकॉर्ड केलेली गाणी बहुतांशी काढून तिथे मार्नी निक्सन या गायिकेचा आवाज बसवला!

हिगिन्स करणारा रेक्स हॅरिसन मात्र म्हणाला, मला आधी रेकॉर्ड केलेल्यावर ओठ हलवणं जमत नाही. तर त्याच्या टायमध्ये वायरलेस माइक लपवून शूटिंग करता करता त्याचं गाणं घेतलं. तो तर धड गातही नाही, तालात बोलतो. त्याच्यासाठी यंत्रणा हलली, तिच्यासाठी नाही. माझ्या मते ही त्या सिनेमाची सगळ्यात मोठी चूक.

जुनी_टेप
साफ असहमत. आपण कुठल्या तोंडाने हे बोलतोय? आपली अख्खी पिढी लताबाईंच्या आवाजात ओठ हलवणाऱ्या नायिका बघत वाढली. मधुबालाने स्वतः गायलं नाही म्हणून 'महल' कमी झाला का? पडद्यावरचा चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा, याची आपल्याला सवय आहे. उगाच गोऱ्यांचे सोवळे नियम आपण का पाळायचे?

शिवाय धंद्याचंही बघा. निर्माता जॅक वॉर्नरने मूळ संगीत नाटकाच्या नुसत्या हक्कांसाठी ५५ लाख डॉलर मोजले, सिनेमा गेला १ कोटी ७० लाखांवर. एवढ्या पैशात बेसूर जागा कोण ठेवेल?

तिसरी_घंटा
'महल'चंच घ्या. १९४९ मध्ये 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे पात्राचं नाव! पुढे आपल्याकडे पार्श्वगायकांची नावं झाली, लोक त्यांच्यासाठी तिकिटं काढू लागले. मार्नी निक्सन 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा कारसाठी गायली, 'वेस्ट साइड स्टोरी'त नॅटली वूडसाठी गायली, आणि इथे ऑड्रीसाठी; पण 'माय फेअर लेडी'च्या श्रेयनामावलीत बाईचं नाव नाही. आपल्या पार्श्वगायनाशी याची तुलना करू नका, ही लपवाछपवी आहे.

खुर्ची_क्र_१३
मूळ पाप त्याआधीचं आहे. १९५६ पासून ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, मूळ नाटकात ज्युली अँड्र्यूज एलायझा करत होती. हॅरिसनही तिथलाच, एलायझाच्या बापाचं, डूलिटलचं, काम करणारा स्टॅन्ली हॉलोवेही तिथलाच. दोघांना सिनेमात घेतलं. ज्युलीला नाही, कारण तिला सिनेमात कोण ओळखतं! मग त्याच वर्षी 'मेरी पॉपिन्स'साठी ऑस्कर तिला, आणि ऑड्रीला साधं नामांकनही नाही. 'माय फेअर लेडी'ला आठ ऑस्कर मिळाले तरी. गोल्डन ग्लोब घेताना ज्युलीने भर समारंभात तिला न घेणाऱ्या वॉर्नरचेच आभार मानले होते, ते ऐकून मी अजून हसतो.

नाटकवेडी
'माय फेअर लेडी' ज्यावरून आलं, त्याच बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकावरून आपल्याकडे पुलंनी 'ती फुलराणी' केलं. भक्ती बर्वेंचं 'तुला शिकवीन चांगलाच धडा' आठवा. सिनेमातलं एलायझाचं 'जस्ट यू वेट' हे गाणं त्याच संतापाचं. आता ते स्वगत पडद्यामागून दुसरी कुणी बोलतेय आणि भक्तीबाई नुसते ओठ हलवताहेत, अशी कल्पना करून बघा. करवते का?

जुनी_टेप
ताई, ते बोलणं आहे, हे गाणं. 'आय कुड हॅव डान्स्ड ऑल नाइट'च्या वरच्या सुरांना ऑड्रीचा गळा पुरत नाही, हे तिचे चाहतेही मानतात. आणि जरा उलटं बघा की: उसना आवाज हाच तर कथेचा विषय! हिगिन्सने दिलेल्या आवाजात एलायझा मिरवते, तसंच निक्सनच्या आवाजात ऑड्री. मला तर हे चपखल वाटतं.

तिसरी_घंटा
मुद्दा झकास आहे, मानलं. पण मग शिकवणी सुरू व्हायच्या आधीचं 'वुडन्ट इट बी लव्हरली' घ्या. तोंडाला काजळी, भोवती भाजीच्या गाड्या, आणि गळा कॉन्सर्टच्या स्टेजवरचा! तिथे कोणी दिला होता तिला तो आवाज? हिगिन्सने तर अजून तिला चिखलातून उचलायचंय.

आणि 'जस्ट यू वेट' हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला खरखरीत, चिडलेली ऑड्री स्वतः आहे. मध्ये सूर वर चढतो तिथे निक्सन येते, आणि परत खाली उतरताना ऑड्री. सांधा कळतो. मला गाण्यातल्या त्या खरखरीत जागाच जास्त आवडतात.

खुर्ची_क्र_१३
सहमत. अवांतर: 'फनी फेस' सिनेमात ऑड्री स्वतःच गायली होती, 'मून रिव्हर' हे गाणंही तिच्याच आवाजात. त्यात कुठे काय बिघडलं?

जुनी_टेप
'मून रिव्हर' तिच्या पल्ल्यात बसवून बांधलेलं गाणं. गीतकार लर्नर आणि संगीतकार लोव्ह यांनी इथली गाणी ज्युलीच्या गळ्यासाठी बांधली. दुसऱ्याच्या मापाचा कोट घालून खांदे उतरले म्हणून शिंप्याला बोलायचं नसतं.

नाटकवेडी
मग कोट उसवून परत शिवायचा! नाटकात नटी बदलली की सूर बदलतातच की. पट्टी खाली घ्यायला कितीसा वेळ लागतो? माझे वडील संगीत नाटकाला पेटीवर बसायचे. गायिकेचा घसा बसलेला दिसला की पडदा वर जायच्या आत पट्टी उतरवायचे.

तिसरी_घंटा
ऑड्रीच्या आवाजातलं 'वुडन्ट इट बी लव्हरली' चित्रणासकट शिल्लक आहे, शोधलंत तर मिळेल. ऐका आणि मग बोला.

जुनी_टेप
ऐकलं. दोनदा. वरच्या जागी ती डगमगते, हे मी आधीच म्हटलं होतं. पण फुलवाली वाटते, तेवढं कबूल.