जंगलाची किंमत काढली की जंगल वाचतं का?

पाणवठा:
उष्णकटिबंधीय जंगलांचा विषय निघाला की हल्ली एक सूर हमखास लागतो: उभ्या जंगलाचं मोल पैशात मांडा, तोड आपोआप थांबेल. मला हे साफ अमान्य आहे. 1997 साली पर्यावरण-अर्थतज्ज्ञ कॉस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या परिसंस्थांच्या सेवांची (म्हणजे निसर्ग फुकट करतो त्या कामांची) किंमत वर्षाला सरासरी 33 लाख कोटी डॉलर काढली. आकडा गाजला, पण ती रक्कम कुणाच्याच हातात पडत नाही. ओंडक्याचे पैसे रोख मिळतात. उलट ब्राझीलने 2004 मध्ये ‘देतेर’ ही उपग्रहावरून इशारा देणारी यंत्रणा सुरू केली, बेकायदा तोडलेल्या जमिनीवर पीक घ्यायला बंदी घातली, 2008 मध्ये अ‍ॅमेझॉनमधलं शेतीकर्ज जमिनीच्या आणि पर्यावरणाच्या कागदपत्रांशी बांधलं. वर्षाची तोड 2004 च्या सुमारे 27,700 चौ. किमीवरून 2012 मध्ये 4,600 च्या आसपास आली. हे कायदा राबवल्यामुळे झालं.

हिशेबनीस:
अर्धंच सांगताय. त्याच काळात सोयाबीनचे भाव पडले होते, आणि 2006 पासून व्यापाऱ्यांनी नव्याने तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन घेणं बंद केलं होतं. पुढे 2021 मध्ये तोड पुन्हा 13,000 चौ. किमीवर गेली. कायदे पुस्तकात होतेच, राबवणारा हात सैल पडला. सरकार बदललं की गळून पडणाऱ्या व्यवस्थेवर जंगल सोपवायचं? कोस्टा रिकाने 1996 च्या वनकायद्यात जंगलाचा भूवापर बदलायला मनाई केली आणि त्याच कायद्यात इंधनकराच्या पैशातून जंगलमालकाला मोबदलाही ठेवला. मालकाला दरवर्षी काही मिळत असेल तर तो स्वतःच राखण करतो.

घेरफीत:
दोघंही क्षेत्रफळाच्या तोडीवर बोलताय. महाग लाकडाची चोरी तशी होतच नाही. इपे या महागड्या लाकडाची झाडं इतकी विरळ असतात की एकेक काढून नेलं तरी वरचं छत जवळपास अखंड दिसतं. ‘देतेर’च्या सुरुवातीच्या चित्रांत 25 हेक्टरांहून लहान तुकडा धड उमटत नसे, ढग असले की मोठाही नाही.

चोरी कागदावर होते. तोडीआधी प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन जात, जमिनीपासून 1.3 मीटरवरचा घेर, उंची आणि ठिकाण नोंदवतात. त्यावरून घनमीटर ठरतात आणि तेवढंच लाकूड न्यायची मुभा मिळते. इथे घेर फुगवतात, हलक्या जातीला इपे म्हणतात, कधी नसलेलं झाडच लिहितात. उरलेल्या मुभेवर संरक्षित जंगलातला माल खऱ्याखुऱ्या परवान्याने रस्त्यावर येतो. नाक्यावरच्या माणसाला खोट दिसणार कशी?

दुसरी गळती आरागिरणीत. ओंडक्यातून चिरून निघणाऱ्या लाकडाचा उतारा कागदावर 45 टक्के आणि प्रत्यक्षात 35, तर 100 घनमीटर ओंडक्यांमागे 10 घनमीटर चिरलेलं लाकूड नुसतंच लिहिलेलं राहतं. ते भरून काढायला 28 घनमीटरांहून जास्त चोरीचे ओंडके खपतात.

पाणवठा:
@घेरफीत, हे मान्य, आणि माझा मुद्दा यानेच पक्का होतो. तोडीनंतर नमुन्यादाखल खुंट तपासा: क्रमांक, जात, घेर. यादीतलं झाड जागेवर उभंच असेल आणि त्याचा ओंडका गिरणीत नोंदला गेला असेल, तर सगळा परवाना तिथल्या तिथे गोठवा.

हिशेबनीस:
गोठवा, पण भुर्दंड कोणावर? मोठी कंपनी वनअभियंता पगारावर ठेवते. जंगलात राहणारी वस्ती वर्षाला मोजकी झाडं काढते, तिला सगळ्या झाडांची मोजणी परवडत नाही. मग ती दलालाला लाकूड विकते आणि कायदा पाळणाराच आधी बाहेर फेकला जातो. लहान उत्पादकांची गटाने एकत्र तपासणी आणि तिचा खर्च सरकारी तिजोरीतून, एवढं तरी आधी करा.

घेरफीत:
गटतपासणीला माझा पाठिंबा आहे. पण दंडावर विसंबू नका. अपिलांत वर्षं जातात आणि वसुली फार थोडी होते. जप्त ट्रॅक्टर मालकाच्याच ताब्यात ठेवला तर तो लवकरच पुन्हा जंगलात दिसतो. ब्राझीलच्या 2008 च्या हुकुमात, यंत्र बाहेर काढणं शक्य नसेल तर ते जागेवरच नष्ट करायची मुभा आहे. टोळ्यांना नेमकं हेच झोंबतं, कारण बुडालेलं भांडवल अपिलात परत मिळत नाही.

हिशेबनीस:
यंत्र मुकादमाचं असतं, पैसा लावणारा शहरात. लाकूड विकत घेणाऱ्याच्या वह्या आणि बँकखाती उघडल्याशिवाय नवा ट्रॅक्टर येतच राहणार.