बॉम्बरच्या तळावरच्या ग्राउंड क्रूच्या आठवणी कुठे मिळतील?

कुतूहल
दुसऱ्या महायुद्धातल्या रॉयल एअर फोर्सच्या बॉम्बर कमांडवर बरंच वाचून झालंय, पण सगळं पायलट, नॅव्हिगेटर आणि गनर लोकांचंच. लँकेस्टर बॉम्बरमध्ये बसणारे सात जण, मान्य, पण ते विमान उडण्यालायक ठेवणारे फिटर (इंजिनवाले), रिगर (विमानाचा सांगाडा बघणारे), आर्मरर (बॉम्ब-बंदुकावाले) यांचं कुणी काही लिहून ठेवलंय का? आणि रात्री विमान कुठे चाललंय हे त्यांना सांगायचे का, की नुसतं टाक्या भरा, बॉम्ब लावा आणि गप्प बसा?

ऑइलचे डाग
सांगायचे नाहीत, पण कळायचं. लँकेस्टरच्या टाक्यांत २,१५४ गॅलन पेट्रोल मावायचं. टाक्या काठोकाठ आणि बॉम्ब कमी म्हटलं की लांबचा पल्ला, बर्लिन वगैरे. उलट पेट्रोल कमी आणि बॉम्ब जास्त तर जवळचं, जर्मनीतला रूरचा कारखान्यांचा पट्टा असणार. ब्रीफिंगच्या आधीच तळावर अंदाज फिरायला लागायचे.

मी बऱ्याच मुलाखती ऐकल्यात आणि बहुतेकांमध्ये सगळ्यात आधी येते ती थंडी. विमानं हँगरमध्ये नसायचीच, तळाच्या कडेकडेने विखरून उघड्यावर उभी, म्हणजे हल्ला झालाच तर एकदम सगळी जायला नकोत. इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातला वारा आणि त्यात स्पार्क प्लग बदलायचे, एका मर्लिन इंजिनाला २४, चार इंजिनांचे ९६, आणि ते हातमोजे घालून जमत नाही, बोटं सोलवटून निघायची. मग ही मंडळी खोक्यांच्या फळ्या जमवून विमानाशेजारी खोपटं ठोकायची आणि आत वापरलेल्या इंजिन ऑइलवर शेगडी पेटवायची. शेपटीच्या गनरची काच पुसायचं काम तर देवपूजेसारखं चालायचं, कारण काचेवरचा एक ठिपका अंधारात शत्रूचं विमान वाटू शकतो.

आणि विमान 'आमचं' हं! पायलट निघायच्या आधी फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, सही करून ते ताब्यात घ्यायचा, म्हणजे यांच्या लेखी उसनंच न्यायचा.

सरळबोल्या
भावनिक बाजू ठीक आहे, पण खोपटं आणि शेगडी ऐकून ते पिकनिकसारखं वाटायला नको. १९ जून १९४३ ला यॉर्कशरमधल्या स्नेथ तळावर बॉम्बचा साठाच उडाला, १८ माणसं गेली. आर्मररचं काम म्हणजे चार हजार पौंडांचा 'कुकी' बॉम्ब ट्रॉलीवरून ओढत आणायचा, विमानाच्या पोटाखाली लावायचा, आणि ऐन वेळी टार्गेट बदललं की सगळं उतरवून पुन्हा वेगळं भरायचं, पावसात.

कुतूहल
आभार दोघांचे! पण विमान परत नाही आलं तर?

ऑइलचे डाग
तर बघत बसायचे. उजाडेपर्यंत. दुसऱ्या तळावर उतरलं असेल, फोन येईल, या आशेवर. फोन नाहीच आला की एक-दोन दिवसांत नवं विमान, नवे सात चेहरे, आणि तीच जागा, तेलाच्या डागांसकट. बॉम्बर कमांडचे साधारण सव्वा लाख हवाई सैनिक, त्यातले ५५,५७३ गेले, म्हणजे एकेका फिटरने किती क्रू बदलताना पाहिले असतील याचा अंदाज कर. काही जण तर सांगतात की नंतर नंतर ते नवीन पोरांची नावं विचारायचंच टाळायचे.

सरळबोल्या
आणि २०१३ मध्ये बॉम्बर कमांडचा क्लास्प (पदकाच्या फितीवर लावायची पट्टी) निघाला तो फक्त विमानातून जाणाऱ्यांसाठी. ग्राउंड क्रूला डिफेन्स मेडलवर भागवलं. मला ते अजूनही पटत नाही.

ऑइलचे डाग
मलाही नाही. एक मात्र झालं, मे १९४५ मध्ये जर्मनीने शरणागती पत्करल्यावर ग्राउंड क्रूला आणि महिला दलातल्या मुलींना बॉम्बरमध्ये बसवून पडझड झालेल्या जर्मन शहरांवरून फिरवून आणलं. आपण भरलेल्या बॉम्बनी खाली काय केलं ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि त्यावर बोलताना एरवी भरभरून बोलणारे लोकही अडखळतात.

ऐकायचंच असेल तर लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरचं डिजिटल आर्काइव्ह फुकट आहे, ग्राउंड क्रूच्याही मुलाखती आहेत. सुरुवात आर्मररपासून कर, फिटर मंडळी इंजिनाबाहेर लवकर येत नाहीत.