मदत हवी आहे : हिवाळ्यात बाहेर उभ्या असणाऱ्या मोटारसायकलसाठी कोणते कव्हर घ्यावे?

गोठवाले
नमस्कार. मी ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या चिटणीस की गोठ या वस्तीत, एका जुन्या वाड्यात राहतो. आमची मोटारसायकल घराबाहेर गल्लीत उभी असते आणि हिवाळ्यात तिच्यावर इतके दव पडते की सकाळी सीट पुसायला एक अख्खा पंचा लागतो. गेल्या वर्षी महाराज बाड्याच्या बाजारातून आणलेले चंदेरी कव्हर नीट बांधून घातले होते, तरीसुद्धा फेब्रुवारीत गाडी सुरू झाली नाही आणि शेवटी ठेल्यावर घालून मिस्त्रीकडे न्यावी लागली. यंदा तीच फजिती पुन्हा व्हायला नको. कोणते कव्हर घ्यावे, एवढेच कृपया सांगावे. निघायला फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून उत्तर लवकर मिळाल्यास उपकार होतील.

मुरार छावणी
निघायला म्हणजे कुठे निघायला? आपण गाडी रोज वापरता आणि फक्त रात्री बाहेर ठेवता, की ती बरेच दिवस जागेवरच उभी राहणार आहे, हे आपल्या लिहिण्यातून कळत नाही. गाडी किती सालची आहे आणि गेल्या वर्षी मिस्त्रीने नेमका काय बिघाड सांगितला होता, हेही कळवावे.

गोठवाले
आम्ही दोघे पुण्याला मुलाकडे जात आहोत. १६ डिसेंबरचे आरक्षण आहे आणि परत यायला मार्चचा पहिला आठवडा उजाडेल. दरवर्षीच जातो. मिस्त्रीने बॅटरी बदलली आणि काहीतरी साफ केले. माझा प्रश्न कव्हरचा आहे.

जुना मिस्त्री
साहेब, राग मानू नका, पण आपला प्रश्न कव्हरचा नाहीच. मी तीस वर्षे दुचाक्यांचे काम केले आहे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेल्यावर येणाऱ्या गाड्या थंडीने बिघडलेल्या नसतात, उभ्या राहून बिघडलेल्या असतात. आपल्याकडे जानेवारीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, धुके दुपारपर्यंत हटत नाही, हे खरे आहे. परंतु एवढ्या थंडीत इंजिनाला काही होत नाही आणि चार्ज असलेली बॅटरी गोठण्याचा तर प्रश्नच येत नाही. त्या ‘काहीतरी साफ केले’ मध्येच सगळे आहे. मिस्त्रीने कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग, साफ केला असणार. तीन महिन्यांत कार्ब्युरेटरच्या वाटीतले थोडेसे पेट्रोल उडून जाते, मागे चिकट राळ राहते आणि जेटचे केसाएवढे छिद्र बुजते. मग आपण कितीही किका मारा, इंजिनापर्यंत पेट्रोल पोहोचतच नाही.

म्हणून आधी सांगा, गाडी कार्ब्युरेटरची आहे की इंजेक्शनची, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारून देणारी? १ एप्रिल २०२० नंतरची असेल तर बहुधा इंजेक्शनची असेल आणि मग अर्धे उपाय बदलतात.

रोज किक मारा
एवढ्या लांबलचक चर्चेची काहीच गरज नाही. शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी आणि दर रविवारी दहा मिनिटे गाडी जागेवर चालू करून ठेवायला सांगावे. बॅटरी चार्ज राहते, तेल वरपर्यंत फिरते, काम संपले. माझ्या वडिलांनी त्यांची स्कूटर अशीच वीस वर्षे टिकवली.

जुना मिस्त्री
हा सल्ला इतका पसरलेला आहे की तो खोडून काढताना मला आता कंटाळा येतो, पण तरीही लिहितो. स्टार्टरचे बटण दाबताना बॅटरीतून जेवढे जाते, तेवढे दहा मिनिटे मंद चालणाऱ्या इंजिनाकडून तिला परत मिळेलच असे नाही. दुसरे असे की पेट्रोल जळताना वाफ तयार होते. गाडी चांगली तापली तर ती वाफ बाहेर पडते, नाही तापली तर तिचे सायलेन्सरमध्ये पाणी होते आणि सायलेन्सर आतून कुजतो. थोडे पाणी आणि थोडे पेट्रोल इंजिनाच्या तेलातही उतरते. चालवायची असेल तर रस्त्यावर वीस मिनिटे चांगली तापेपर्यंत चालवावी, नाहीतर तिला मुळीच हात लावू नये.

रोज किक मारा
वीस वर्षे टिकलेल्या स्कूटरला हे सगळे कुणी सांगितले नव्हते म्हणूनच ती टिकली असावी. आपण म्हणता तेवढे नुकसान होत असते, तर निम्म्या ग्वाल्हेरच्या गाड्या बंद पडल्या असत्या.

मुरार छावणी
आपले वडील तिला दर रविवारी जागेवर चालू करत होते, की चालू करून बाजारात भाजी आणायला नेत होते? या दोन गोष्टींत फार फरक आहे.

रोज किक मारा
भाजी आणायला नेत असत. पण मुद्दा तो नाही.

गोठवाले
गाडी १०० सीसीची आहे, कार्ब्युरेटरचीच आहे, किकही आहे आणि बटणही आहे. शेजारी सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यांना किल्ली देऊन उपयोग नाही. वरच्या मजल्यावर एक विद्यार्थी भाड्याने राहतो, पण त्याला मी गाडी देणार नाही. कृपया कव्हरविषयी कुणी लिहील का?

थाटीपूरची वहिनी
भाऊ, घरात माणूस आहे हे तुम्ही सातव्या उत्तरानंतर सांगता आहात! गाडी चालवायला देऊ नका, पण बॅटरी काढून त्याच्या खोलीत ठेवता येईल की नाही? आमच्याकडे हे दरवर्षी करतात. आधी काळी वायर सोडायची, मग लाल. लावताना आधी लाल आणि मग काळी. महिन्यातून एकदा छोट्या चार्जरवर लावायची. मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दिसले की बॅटरी भरलेली आहे, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करावी, इतके त्या मुलाला एकदा दाखवून ठेवले की पुरते. बॅटरी पाण्याची असेल तर जाण्यापूर्वी डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहून घ्यावी आणि ती अंथरुणाजवळ ठेवू नये.

आणि वाडा आहे तर गाडी आत चौकातच का घेत नाही?

गोठवाले
वाड्याच्या दाराला पाच दगडी पायऱ्या आहेत आणि वर वीतभर उंच उंबरठा. म्हणूनच गाडी बाहेर असते, हे मी लिहिले नव्हते कारण गोठेत कुणाचीच गाडी आत जात नाही.

मुरार छावणी
फळी टाकून चढवता येईल, असे मी लिहिणारच होतो, पण हिशोब करून पाहिला. पाच पायऱ्या प्रत्येकी सात इंचांच्या धरल्या तर उंची पस्तीस इंच होते आणि शंभर-सव्वाशे किलोची गाडी दोन माणसांनी सुखाने चढवायची तर फळी आठ-नऊ फुटांची हवी. आपली गल्लीच सात फुटांची असेल, तर फळीचे दुसरे टोक समोरच्यांच्या स्वयंपाकघरात जाईल.

गोठवाले
साडेसहा.

बडोद्याहून
आमच्या बडोद्याला अशी थंडी पडत नाही, पण ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी सोसायटीत शिरले तेव्हा माझी गाडी सीटपर्यंत बुडाली होती, म्हणून अनुभवाने सांगतो. पाण्यात बुडालेली गाडी कधीही लगेच चालू करून पाहू नये. प्लग काढावा, इंजिनाचे तेल पूर्ण सोडून द्यावे, एअर फिल्टर बदलावा आणि मगच पुढचे पाहावे.

गोठवाले
धन्यवाद, पण गोठेत पूर येत नाही.

जुना मिस्त्री
आता माहिती पुरेशी झाली, म्हणून सविस्तर लिहितो. जाण्याच्या आदल्या दिवशी गाडी अर्धा तास चालवून चांगली तापवावी आणि गरम असतानाच इंजिनाचे तेल बदलून घ्यावे. पुष्कळ लोक परत आल्यावर बदलतात, परंतु जुन्या तेलातली आम्ले ही तीन महिने बेअरिंगला चिकटून राहतात, त्यामुळे बदलायचे ते आधीच. टाकी तोंडापर्यंत भरावी, कारण लोखंडी टाकीत जितकी हवा कमी तितके आत दव कमी धरते. त्यानंतर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंबही काढून टाकावेत. गेल्या वर्षीची फजिती या दोन मिनिटांच्या कामाने टळली असती. मग चेन पुसून तेल द्यावे आणि गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. खाली नालीच्या कडेची माती असेल तर फळीचा तुकडा ठेवावा, नाहीतर स्टँड रुततो. पुढच्या चाकात हवा थोडी जास्त भरावी.

सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घालावा, कारण उंदीर आणि गांधीलमाश्या या दोघांनाही ती जागा फार आवडते. बोळ्याला लाल फीत बांधून ती हँडलपर्यंत आणावी. मार्चमध्ये आपण तो बोळा विसरणार, याविषयी मला काडीचीही शंका नाही.

कागदपत्रवाला
टाकी पूर्ण भरण्याला माझा विरोध आहे. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. जास्त पाणी झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुन्या गाडीचे रबरी भागही या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत. शिवाय उघड्या गल्लीत भरलेली टाकी म्हणजे नळी घेऊन फिरणाऱ्या माणसाला हजार रुपयांची भेट आहे. टाकी रिकामी करून ठेवावी.

जुना मिस्त्री
रिकामी लोखंडी टाकी एका हिवाळ्यात आतून लाल होते, मी अशा कित्येक टाक्या धुतल्या आहेत. इथेनॉल पाणी शोषते म्हणूनच टाकीत हवा कमी ठेवायची. आणि काढलेले नऊ लिटर पेट्रोल ते कुठे ठेवणार, वाड्याच्या माळ्यावर? चोरीचा मुद्दा मात्र मान्य आहे. टाकीच्या झाकणाचे कुलूप लागते की नाही ते पाहावे आणि कॉकपासून निघणारी नळी कुणाच्या हाताला सहज लागणार नाही, अशी कॉकची बाजू भिंतीकडे करून गाडी लावावी.

गोठवाले
भिंतीत जुन्या काळची घोडे बांधायची लोखंडी कडी आहे. चाकातून साखळी घालून तिला कुलूप लावतो.

थाटीपूरची वहिनी
ही कडी पुष्कळांच्या वाड्यांतून उपटली गेली, तुमची टिकली आहे हे वाचून बरे वाटले. उंदरांसाठी सीटखाली डांबराच्या गोळ्या ठेवा.

मुरार छावणी
उघड्यावर त्यांचा वास चार दिवसांत उडून जातो. दाण्याचे दुकान जवळ असेल तर उंदीर वायरी कुरतडणारच.

रोज किक मारा
माझे अजूनही मत असे आहे की ही गाडी विकावी. जानेवारीत ग्वाल्हेरचा मेळा भरेल. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेल्या या मेळ्यात आता बैलांपेक्षा गाड्याच जास्त विकल्या जातात आणि बऱ्याच वर्षी शासन तेथे वाहनकरात निम्मी सूट देते. नवी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली की पेट्रोलही नको आणि कार्ब्युरेटरही नको.

गोठवाले
जानेवारीत मी पुण्यात असेन. गाडी विकायची की ठेवायची, हे मी विचारलेले नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकरीतल्या थकबाकीच्या पैशांतून घेतलेली गाडी आहे आणि आजही एका किकेत सुरू होते, म्हणजे हिवाळ्यानंतरचे तेवढे दिवस सोडून.

कागदपत्रवाला
फेब्रुवारी २०११? आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंदणीची तारीख कोणती आहे, ते कृपया आत्ताच पाहून सांगावे.

गोठवाले
२२ फेब्रुवारी. त्याचा कव्हरशी काय संबंध?

कागदपत्रवाला
कव्हरशी नाही, पण गाडीशी आहे. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे आपली फेब्रुवारी २०२६ मध्ये, आपण पुण्यात असताना संपते. त्यानंतर नूतनीकरण झाल्याशिवाय ती रस्त्यावर चालवता येणार नाही. मार्चमध्ये इंजिन एका किकेत सुरू झाले तरी आपण गल्लीच्या तोंडाशीच थांबलेले बरे. नूतनीकरणासाठी फॉर्म २५ लागतो, गाडी तपासणीला प्रत्यक्ष न्यावी लागते, आणि अर्ज मुदत संपण्यापूर्वी साठ दिवसांच्या आतच करता येतो, त्याआधी नाही. हिशोब केल्यास ती खिडकी २४ डिसेंबरला उघडते. आपले आरक्षण १६ चे आहे. विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या तारखाही पाहून ठेवा, कारण तपासणीला दोन्ही चालू लागतात.

जुना मिस्त्री
हे माझ्या लक्षात यायला हवे होते. तपासणीला न्यायची असेल तर कार्ब्युरेटर आत्ता रिकामा करू नका, तेल मात्र बदलून घ्या.

गोठवाले
आरसी काढून पाहिली, आपले म्हणणे बरोबर आहे. विमा जुलैपर्यंत आहे, प्रदूषण प्रमाणपत्र ऑक्टोबरमध्येच संपले आहे. सौभाग्यवतींशी बोललो. नातवाचा वाढदिवस १९ डिसेंबरला असल्यामुळे त्यांनी १६ चे तिकीट बदलायला स्पष्ट नकार दिला आहे, म्हणून त्या ठरल्याप्रमाणे जातील आणि मी अर्ज व तपासणी उरकून ३० तारखेला निघेन. बॅटरी त्या विद्यार्थ्याकडे ठेवायचे ठरले; तो भौतिकशास्त्राचा आहे आणि मल्टिमीटर त्याच्याकडे आधीच आहे, हे मला दोन वर्षांत ठाऊक नव्हते. बाकीचे सर्व जुन्या मिस्त्रींनी लिहिल्याप्रमाणे करीन. सर्वांचे आभार.

मात्र कोणते कव्हर घ्यावे, हे अजूनही कुणी सांगितलेले नाही.

थाटीपूरची वहिनी
प्लॅस्टिकचे नको, आत घाम धरते. तुमच्या चंदेरी कव्हरने गेल्या वर्षी तेच केले असणार. ताडपत्रीच्या दुकानात जाड कॅनव्हासचे शिवून घ्या, मापाने थोडे मोठे, खालून हवा खेळेल असे जमिनीपासून वीतभर वर, आणि पोटाखालून बांधायला दोन पट्टे.