गुदाशयाचा कॅन्सर सुरुवातीलाच सापडला. नुसती गाठ काढून थांबावं का?

द्राक्षबाग
सासरे ६४ वर्षांचे, तासगावजवळ बाग आहे. शौचातून रक्त जायचं, आठ महिने मूळव्याध समजून काढे झाले. शेवटी कोलोनोस्कोपीत गुदद्वारापासून ५ सेंमीवर २ सेंमीची गाठ निघाली. ती गुदमार्गातूनच काढली. पोटावर टाका नाही, तिसऱ्या दिवशी घरी. रिपोर्ट : कॅन्सर, टी१ (सुरुवातीची पायरी), कडा मोकळ्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला रोग नाही. एक सर्जन म्हणतात, एवढं पुरे, दर तीन महिन्यांनी तपासू. दुसरे म्हणतात, आख्खा गुदाशय काढा. मला विचाराल तर निघायचं ते निघालंय. या वयात पोटावर शौचाची पिशवी लावून कशाला छळायचं? आणि ती बदलणार कोण, तर मीच.

कोरडाठाक
ताई, निघाली ती गाठ. गुदाशयामागच्या चरबीतल्या लसिका ग्रंथी, जिथे रोग पसरू शकतो, त्या जिथल्या तिथे आहेत, त्यांना कुणी हातही लावलेला नाही. एमआरआयमध्ये फुगलेली ग्रंथी दिसते. नेहमीच्या आकाराच्या ग्रंथीत रोगाच्या चार पेशी बसल्या असतील तर दिसत नाहीत. टी१ म्हणजे रोग अस्तराखालच्या थरात शिरलाय. त्या थराचे वरून खाली तीन भाग करतात, एसएम१, २, ३. वरच्या भागातच असेल तर ग्रंथीत रोग असण्याची शक्यता शंभरात दोन-तीन, तळाच्या भागात पोचला असेल तर वीसच्या पुढे. तुमच्या रिपोर्टात एसएम१, २, ३ यातलं काय लिहिलंय? ते सांगितल्याशिवाय मत मागू नका.
आणि पिशवीची भीती नेमकी कुणाला, सासऱ्यांना की तुम्हाला? ५ सेंमीवर बऱ्याचदा गुदाशय काढून आतड्याला खाली जोड देता येतो. मग पिशवी काही महिन्यांचीच.

नाक्यावरचा_चहा
कोरडाठाक, जोड देतात हो, पण पुढचं कोण सांगणार? माझी ती मोठी शस्त्रक्रिया २०१९ ला झाली. पिशवी चार महिन्यांत गेली, त्यानंतर दिवसाला दहा-दहा वेळा संडास. लागली की दोन मिनिटंही दम निघत नाही. डॉक्टरांच्या भाषेत याला लार्स म्हणतात, ऑपरेशनआधी हा शब्द माझ्या कानावर आला नव्हता. एसटीचा प्रवास बंद झाला. माझा रोग पुढे गेला होता, मला पर्याय नव्हता. यांना आहे. द्राक्षबाग यांना +१.

जुना_सर्जन
निवृत्त आहे, थोडं लिहितो. आम्ही शिकलो तेव्हा गुदद्वारातून नजर पोचेल तेवढंच काढायचो. कडेला रोग राहायचा, गाठ परत यायची. म्हणून आमच्या पिढीचा या प्रकारावर विश्वास नव्हता. १९८० च्या दशकात जर्मनीत गेर्हार्ड ब्यूस यांनी नळीतून, वायूने आतडं फुगवून, भिंगाखाली काढायची पद्धत बसवली, ती टीईएम. २०१० च्या सुमारास तशीच दुसरी पद्धत, टॅमिस, आली. तिला नेहमीची दुर्बिणीची हत्यारं चालतात, त्यामुळे ती आपल्याकडेही पसरली. आता गाठ भिंतीच्या पूर्ण जाडीसकट, अखंड निघते.
पण रिपोर्ट वाईट आला तर मोठं ऑपरेशन लगेच करावं. तसं केलं तर निकाल सहसा पहिल्यांदाच मोठं केल्यासारखाच येतो. रोग उलटेपर्यंत थांबलात तर मात्र बाजी हातातून जाते. अर्थात, ५ सेंमीवरच्या व्रणात पुन्हा हात घालणं सोपं नाही, शौच रोखणारा स्नायू वाचवणं अवघड होतं, हेही दुसऱ्या सर्जननी सांगायला हवं होतं.

खिडकीजवळ
‘दर तीन महिन्यांनी तपासू’ हे कागदावर छान दिसतं. आमच्या काकूंनी दुसऱ्याच वर्षी जाणं सोडलं. काही होत नाही ना, मग कशाला? छाटणीच्या दिवसांत तुमचे सासरे स्कोपीला जातील का, हे आधी स्वतःला विचारा. गाठ काढल्यावर मोठ्या ऑपरेशनऐवजी रेडिएशन, असा मधला मार्ग आहे. नेदरलँड्समध्ये टेसार नावाची चाचणी नेमकी रेडिएशन आणि मोठं ऑपरेशन या दोन वाटांची तुलना करायला सुरू झाली. मी तरी मोठ्या ऑपरेशनच्या बाजूने.

नाक्यावरचा_चहा
रेडिएशननेही संडासाचे हाल होतात. फुकट काहीच नाही.

द्राक्षबाग
दुसरं पान मी वाचलंच नव्हतं. एसएम२, रक्त-लसिका वाहिन्यांत शिरकाव नाही, कड २ मिमी मोकळी. कोरडाठाक, पिशवीचं बोललात ते लागलं, पण खोटं नाही.
पहिल्या सर्जनना फोन केला. म्हणाले, ग्रंथीत रोग असण्याची शक्यता साधारण शंभरात आठ. सासरे म्हणाले, बागेत दरसाल याहून मोठी जोखीम घेतो. सासूबाई म्हणाल्या, द्राक्षं पुढच्या वर्षी परत लागतात.
तूर्त रिपोर्ट परळला टाटात दुसऱ्यांदा वाचून घ्यायचं ठरलंय. सोबत काय न्यायचं?

कोरडाठाक
गाठीच्या कापांच्या नुसत्या काचा नेऊ नका, गाठीचे तुकडे ज्यात जपून ठेवतात ते पॅराफिनचे (मेणाचे) ब्लॉकही मागून घ्या. लॅबला लेखी अर्ज द्यावा लागतो. एसएम२ चा एसएम३ कधीकधी दुसऱ्या वाचनात होतो, आणि उलटही. आणि सासूबाईंना सोबत न्या.